फायबरचा मोह आणि मोडीची पाने

अमेरिकेतील कॅन्सस राज्याची राजधानी टोपिका. २०१० सालच्या मार्च महिन्यात तेथील महापौरांनी जाहीरनामा काढला की, हा महिनाभर आमच्या शहराला ‘गूगल’ म्हणावे. कारण असे घडले होते की, गूगल कंपनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत एक घोषणा केली होती. घरोघर काचेचे तंतू, म्हणजे आपण ज्याला आता सरसकट फायबर म्हणतो ते, टाकून सेकंदाला एक गिगाबिट क्षमतेचे इंटरनेट देण्याचा प्रयोग करावयाचा आहे, इच्छुक गावांनी अर्ज करावेत. सुमारे अकराशे गावांनी अर्ज केले. टोपिकाने आपले नावच पणाला लावले. तरी २०११ साली निवड झाली ती तेथून शंभरएक किलोमीटरवर असलेल्या कॅन्सस सिटीची, आणि २०१२ च्या अखेरीस तेथील घरांत तो धागा पोचला.

नावाच्या बाबतीत आम्ही बडोदेकर जरा हळवे आहोत. आमच्या शहराचे नाव १९७४ साली अधिकृतपणे वडोदरा झाले. आम्ही पत्त्यावर वडोदरा लिहितो आणि तोंडाने बडोदेच म्हणतो. एका तारेसाठी, मग ती काचेची का असेना, गावाने नाव बदलावे ही गोष्ट प्रथम कानावर आली तेव्हा आम्हांला हसू आले होते. पुढे दहा-बारा वर्षांनी तीच तार आमच्या पोळीत आली आणि घरात कोणती योजना घ्यावी यावर खल सुरू झाला, तेव्हा त्या लोकांना नेमके काय हवे होते याचा विचार करणे आम्हांला भाग पडले.

गरजेचा हिशेब फार थोडक्यात होतो. समोरासमोर बोलणे घडविणाऱ्या एका कॉलला सेकंदाला दोन ते चार मेगाबिट पुरतात. अतिस्पष्ट चित्रपट पाहावयाचा तर पंधरा ते पंचवीस. घरात चार माणसे चार खोल्यांत बसून चार चित्रपट पाहू लागली तरी शंभराच्या आत भागते. आणि आमच्या घरी चौघे चार खोल्यांत बसली तर जेवायला हाक कोणी मारायची, हा वेगळा प्रश्न. चिरंजीव वरच्या मजल्यावर बसून हैदराबादच्या एका कचेरीचे काम करतात. त्यांचे म्हणणे, घ्यायचे तर एकदम हजार मेगाबिट घ्यावे. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “इतके एकदम येऊन ठेवायचे कुठे?” या प्रश्नाला चिरंजीवांकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नव्हते. तरीही मन त्या हजाराकडेच ओढ घेत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ही ओढ कशाची? आमच्या मते ती मोजावे न लागण्याची आहे. पंगतीत बसलेल्या माणसाच्या पोळ्या मोजू नयेत, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत. मोजले म्हणजे घास उतरत नाही. आणि देशापासून दूर राहिलेल्या आपल्या घरांनी, मराठीच्या बाबतीत, पिढ्यान् पिढ्या मोजूनच घास घेतले आहेत. पुण्याचे वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी शिळे होऊन यायचे. दिवाळी अंक टपालाने यायचे आणि देवदिवाळी उलटली तरी एखादा अडकलेला असायचा. ट्रंक कॉलवर तीन मिनिटांचा हिशेब डोक्यात ठेवून बोलायचे. त्यात पहिले मिनिट ‘ऐकू येतंय का’ यातच जायचे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. ते आमच्या घरी आले तेव्हा टेलिफोनच्याच तारेवरून किंचाळत आले. ते चालू असताना फोन बंद, आणि फोन आला की ते बंद.

पुढे ‘ब्रॉडबँड’ आला. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणावे, असे ठरले होते. ही मर्यादा २०१३ साली ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ च्या जानेवारीत दोन मेगाबिट. वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल, त्या सुरुवातीच्या वर्षांत एका योजनेत रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंतचा वापर मोजला जात नसे. आमच्या घरी त्या काळात पहाटे अडीचला घड्याळाचा गजर होई. शेजारच्या गुजराती माजींना वाटे, ही दक्षिणी मंडळी काकड आरतीला उठतात. आम्ही उठत असू ते एक जुने नाट्यगीत उतरवून घेण्यासाठी, आणि ते उतरेपर्यंत चहाची दोन आधणे होत. माजींचा समज आम्ही कधी मोडला नाही. असो.

मोजण्याचा इतका दीर्घ सराव झालेल्या माणसाला कोणी ‘आता मोजू नका’ म्हटले, तर तो आधी हजारच मागणार. टोपिकाच्या लोकांचेही बहुधा हेच झाले असावे. त्यांच्यापैकी फार थोड्यांना एक गिगाबिटाचे काय करायचे ते ठाऊक असेल; पण तुटवड्याची जाणीव त्यांना होती, आणि आपले गाव मागे राहील ही धास्तीही.

या साऱ्या व्यवहारात एका शब्दाने आपली दिशाभूल केली आहे, आणि तो शब्द आहे ‘वेग’. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या चालीने. शंभराची योजना घ्या की हजाराची, प्रकाशाची चाल तीच. बडोद्यापासून ग्वाल्हेरपर्यंत सरळ तंतू टाकला, तर प्रकाश तेथे साडेतीन मिलिसेकंदांच्या आत पोचेल. प्रत्यक्षात तंतू सरळ जात नाहीत, वाटेत यंत्रांचे थांबे असतात, तेव्हा थोडा अधिक वेळ लागतो, पण योजनेचा आकडा वाढवून त्यात फारसा फरक पडत नाही. पैसे देऊन आपण विकत घेतो ती वाटेची रुंदी. एका वेळी किती गाड्या शेजारी शेजारी जाऊ शकतील, एवढाच तो प्रश्न. कंपन्या रुंदी विकतात आणि वेग म्हणून सांगतात. आणि आम्हीही तेच बोलतो, कारण रुंदीचा कोणाला मोह पडत नाही.

मात्र त्या तंतूविषयी आदर वाटावा असेच ते प्रकरण आहे. आवरणासकट त्याची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आणि ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो तर सुमारे नऊ मायक्रॉन. आपला केस त्याच्यापुढे दोरखंड. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली हॉपकिन्स या आपल्या प्राध्यापकांबरोबर तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ झाले तेही त्यांच्यामुळे. परंतु त्या वेळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विझून जाई. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम यांनी असे मांडले की, दोष काचेच्या स्वभावात नाही, तिच्यातील अशुद्धतेत आहे. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी पुरेशी शुद्ध काच ओढून दाखविली, आणि काव यांना त्या विचाराबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. एवढी स्वच्छ काच आपल्या खिडकीला कधी लागणार नाही.

इतक्या दुरून, इतक्या निर्मळपणे आलेला हा प्रकाश आमच्या ओट्यापर्यंत आला आणि तेथे अडला. आमचे घर रावपुऱ्यातील जुन्या बांधणीचे. भिंती दोन-अडीच फुटांच्या, विटांच्या. जोडणीला आलेल्या गुजराती मुलाने पेटी ओटीवर लावली, माजघरात येऊन मोबाइल पाहिला, आणि भिंतीवर हात थोपटून म्हणाला, “काका, आ दीवाल बहु जाडी छे.” हजाराच्या ओटीवरून माजघरात तीस मेगाबिटही धड पोचेनात. कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर मिळे की आमची जबाबदारी पेटीपर्यंत. तीन आठवडे असेच गेले.

त्या दिवसांत आम्हांला गायकवाड सरकारच्या पहिल्या रेल्वेची वारंवार आठवण होई. डभोई ते मियागाम हा लहान रुंदीचा लोहमार्ग खंडेराव महाराजांनी १८६२ साली घातला. हिंदुस्थानातील अरुंद मापाचा पहिला मार्ग तो. पण आरंभी त्यावर गाड्या ओढल्या त्या बैलांनी. पुढे इंजिने आणून पाहिली तेव्हा रूळ त्यांच्या भाराला हलके निघाले. मार्ग नव्याने घालून इंजिने नियमित धावू लागायला १८७३ उजाडले. लोहमार्ग आला म्हणजे आगगाडी आलीच असे नव्हे. आमच्या ओटीपर्यंत काचेचा रूळ आला होता आणि आत वायफायचा बैल. अखेर चिरंजीवांनी जुन्या झरोक्यांतून एक साधी निळी तार माजघरात आणि तेथून जिन्याने वर नेली. सौभाग्यवतींना ती देवघरावरून जाते हे अजून पसंत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर गरजेचा जो हिशेब मांडला तो घेण्याचा आहे. जुन्या तांब्याच्या तारेवर जी पद्धत होती तिच्या नावातच ‘असमान’ हा शब्द होता: घराकडे येणारी वाट रुंद, घराकडून जाणारी अरुंद. आमच्या घरी येताना दोन मेगाबिट असत तेव्हा जाताना अर्धाच. घरे ही घेण्यासाठी असतात, देण्यासारखे त्यांच्याकडे काही नसते, हे त्या बांधणीने गृहीत धरले होते. आणि खरे सांगावयाचे तर बाहेरच्या मराठी माणसांनीही स्वतःविषयी हेच गृहीत धरले आहे. पुण्या-मुंबईत लिहिले जाते, आपण वाचायचे. तिकडे गायले जाते, आपण ऐकायचे. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांचे जे जाळे उभारले त्यात फिरती वाचनालये होती. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव विनामूल्य पाठवीत. ती योजना थोर होती यात शंका नाही. पण पेटी गावातून परत येई ती तीच पुस्तके घेऊन. गावाने आपले काही त्यात घालून पाठवावे अशी सोय तीत नव्हती.

फायबरच्या बऱ्याच योजनांत जाण्याची वाट येण्याच्या वाटेइतकीच रुंद असते. एकाच तंतूतून दोन निरनिराळ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगांचा प्रकाश समोरासमोरून जातो आणि एकमेकांच्या आड येत नाही. जाहिरातींत ही गोष्ट बारीक अक्षरांत असते. आमच्या दृष्टीने सारा मोह, आणि मोहापेक्षा काही अधिक, तिच्यातच होता.

आमच्याकडे दोन ट्रंका भरून मोडी कागद आहेत. आमचे खापरपणजोबा सरकारी फडात कारकून होते. त्यांचे आणि त्यांच्या पुढच्या पिढीचे हे कागद. जमाखर्च, मुंजीच्या याद्या, थकलेल्या वेतनाचे अर्ज, आणि देशावरून आलेली पत्रे, मिळून सुमारे चौदाशे पाने. अभिलेखागारांना हवे असतात तसे राजकारणाचे त्यांत काही नसावे. घरात मोडी अस्खलित वाचणारे आता एकच, ग्वाल्हेरचे काका, आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. ते आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. मोडी शिकलेले तरुण मिळतात आणि ते मन लावून वाचतातही. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. पण कोण ‘बापू’ आणि कोणते ‘वाड्यातले देणे’ हे सांगणारे काकाच. त्यांना प्रवास झेपत नाही. कागदांना टपाल झेपणार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका ट्रंकेच्या तळाला वाळवी लागली, तेव्हा हे काम पुढे ढकलण्यासारखे राहिले नाही.

काकांच्या डाव्या डोळ्याला मधोमध धूसर दिसते. त्यांना प्रत्येक अक्षर तळहाताएवढे करून पाहावे लागते, म्हणून पाने बारकाईने टिपणे भाग होते. असे एक पान शंभर मेगाबाइटच्या घरात जाते. चिरंजीवांनी ते दाबून लहान करून पाहिले, पण मग रेघेच्या कडा फुटतात, आणि बोरूचा फराटा कोणता व पलीकडून उमटलेली शाई कोणती हे काकांना कळेना. तांब्याच्या जुन्या तारेवरून असे एक पान पाठवायला सत्तावीस मिनिटे लागली असती. चौदाशे पानांना, रात्रंदिवस न थांबता, सव्वीस दिवस. आणि तार न थांबता चालल्याचे आम्हांला आठवत नाही. जाण्याच्या वाटेवर शंभर मेगाबिट मिळाले तर एका पानाला आठ सेकंद, सगळ्या पानांना सव्वातीन तास. म्हणून आम्ही शेवटी हजाराचा हट्ट सोडून, दोन्ही वाटा सारख्या असलेली शंभराची योजना घेतली. चिरंजीव थोडे हिरमुसले.

त्याचबरोबर काकांच्या लष्करातील गल्लीत फायबर येण्याची वाट पाहावी लागली, तीही सहा महिने. दोघांतील ज्याची वाट अरुंद, तीच दोघांची वाट. हे जाहिरातीत कोठेच नसते. पुढच्या दिवाळीनंतर तेथेही तार लागली. आम्ही टिपून ठेवलेली सगळी पाने एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर पाठवायला घेतली, आणि दिवेलागणीपूर्वी ती ग्वाल्हेरला पोचली होती. काकांच्या नातीने ती मोठ्या टीव्हीवर लावून दिली. संध्याकाळी काका पडद्यावर आले आणि म्हणाले, “अरे, आता वाचणाऱ्यालाही असा एखादा धागा लावता येतो का बघा.”

त्यांच्या बोलण्यातली थट्टा बाजूला ठेवली तर ती वस्तुस्थिती होती. मोडी ही मुळातच घाईची लिपी. हेमाद्रीने ती प्रचारात आणली अशी परंपरा आहे. ते काही असो, तिची सगळी रचना हात न थांबण्यासाठी आहे. पानभर आधीच शिरोरेघा आखून घ्यावयाच्या आणि बोरू न उचलता लिहीत सुटावयाचे. ऱ्हस्व-दीर्घ पाळावयाचे नाही, शब्द तोडावयाचे नाहीत. लिहिणाऱ्याचा जो वेळ वाचला तो वाचणाऱ्याच्या खाती नावे पडला, आणि दीडशे वर्षांनी तो काका फेडीत आहेत. एका संध्याकाळी दोन पाने, फार तर तीन, एवढीच त्यांची चाल. ते वाचतात, आम्ही उतरवून घेतो. चौदाशे पानांना सातशे संध्याकाळी लागतील. ज्या दिवशी पाने पोचली त्याच रात्री हा भागाकार आम्हीही केला आणि काकांनीही केला असणार. बोलले मात्र कोणी नाही.

पूर्वी उशिराला कारणे होती. टपाल हरवले, तार बिघडली, रात्रीचे दोन वाजायचे आहेत. ती सगळी कारणे सव्वातीन तासांत संपली. सारी पाने काकांच्या समोर आहेत आणि कोणते आधी वाचायचे हे ठरविणे एवढेच हाती आहे. आम्ही तारखेच्या क्रमाने जाणार होतो. काका म्हणाले, “जमाखर्च कोणीही वाचेल, आकडे सोपे असतात. पत्रं आधी घ्या.” तेव्हापासून पत्रे चालली आहेत. काही संध्याकाळी त्यांना बरे नसते. मग आम्ही नुसतेच बोलतो, आणि चित्र इतके स्वच्छ असते की त्यांचा दाढीचा खुंट दिसतो आणि आम्हांला ते थकले आहेत हे न सांगता कळते.

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून आलेले एक पत्र निघाले. एका लेकीने कोणाकडून तरी वडिलांना लिहवून घेतलेले. प्रकृतीचे, लोणच्याचे, दिराच्या नोकरीचे सगळे लिहून झाल्यावर ओळ येते, “चार वर्षे झाली, अद्याप” आणि पुढचा शब्द ‘पत्र’ आहे की ‘पुत्र’ हे कळत नाही, कारण उकार असावयाचा तेथेच किडीने भोक पाडले आहे. नंतर ‘नाही’ स्वच्छ आहे. काकांनी ते अक्षर पडदाभर मोठे करायला लावले. भोकही पडदाभर झाले. मग त्याच हाताच्या दुसऱ्या पत्रातला ‘प’ शेजारी लावून पाहिला. तो क्षणात आला, पण त्यावरूनही निर्णय होईना. बापाने चार वर्षे लेकीला पत्र धाडले नाही, की लेकीची कूस उजवली नाही? काका बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांनी आम्हांला वहीत दोन्ही शब्द लिहून मध्ये पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायला सांगितले, आणि चष्मा पुसून म्हणाले, “लावा पुढचं.”